सोळा नंबर

आमच्या आवारात त्यांना सगळे 'सोळा नंबर' म्हणत. खरं नाव किसन तायडे. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, अर्धं जग पाहिलेले, गोऱ्या कप्तानाशी इंग्रजीत बोललेले. आणि मी, पंचविशीतला कारकून, त्यांना सर्रास अरे-तुरे करत होतो. सगळेच करत. आज लिहायला बसलो तर हात आपोआप 'ते' लिहितो आहे. एवढी अक्कल यायला मला म्हातारं व्हावं लागलं.

गावाचं नाव सांगत नाही. कारंज्याहून वाशीमकडे येताना लागतं एवढं पुरे. बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ती वर्षं. गावाबाहेर कापूस खरेदीचं आवार होतं. हंगामात तिथे दोन-दोनशे बैलगाड्या लागायच्या आणि गाडीवान दोन-दोन दिवस मुक्काम ठोकून बसायचे. नंबर आला की गाडी काट्यावर न्यायची. तो नंबर पुकारण्यासाठी आवाराच्या चार कोपऱ्यांत खांबांवर चार भोंगे बसवले होते. भोंगे आले, माइक आला, पुकारायला माणूस मात्र मिळेना. जो बसेल त्याचा घसा चार दिवसांत बसायचा.

तायडे तेव्हा नुकतेच जहाज सोडून गावी परतले होते. पोरवयात नौदलात गेले, तिथे वायरलेस शिकले, मग काही वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ सांभाळला. इकडे आईला अर्धांगवायू झाला, बायकोला एकटीनं रेटेना, म्हणून आले. आमच्या बाजार समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, "हा बोटीवर रेडिओत बोलत होता म्हणते. बसवा याले माइकवर." एवढीच त्यांची मुलाखत.

माझ्या टेबलाला लागूनच त्यांची खोली होती, मध्ये एक खिडकी. पहिल्या दिवशी त्यांनी खोली झाडून काढली, माइक पंच्याच्या टोकानं पुसला आणि खिडकीतून मला म्हणाले, "बाबू, या भोंग्यावर कोणी कामाबगर बोलाचं नाई. आधीच सांगून ठेवतो."

मला हसू आलं. "काहून? तुह्या बापाचा आहे का भोंगा?"

त्यांना राग आला असेल तर तो दिसला नाही. ते समजावून सांगू लागले. "समुद्रात पाटी नसते, पायवाट नसते. फक्त आवाज असते. जवळपास जेवढे जहाज असन तेवढे एक चॅनल कायम उघडा ठेवते. सोळा नंबर. त्याच्यावर फक्त हाक माराची. आपलं नाव सांगाचं, ज्याले बोलवाचं त्याचं नाव घ्याचं. त्यानं ओ देली का दोघांनी दुसऱ्या नंबरवर सरकाचं, आन् काय बोलाचं ते तिकडं बोलाचं. सोळा नंबर लगेच मोकळा कराचा."

"कशासाठी एवढं?"

"कोणी बुडत असन तं त्याले बोलाले जागा नोको?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या आवारात सोळा नंबर सुरू झाला. "गाडी नंबर बेचाळीस. गाडी नंबर बेचाळीस. गाडी नंबर बेचाळीस. काट्यावर या." तीनदा हाक, एकदा काम, आणि बटण बंद. गाडीवानाला आणखी काही विचारायचं असेल तर माझ्या खिडकीवर यायचं. माझी खिडकी म्हणजे त्यांचा तो दुसरा नंबर. वजन कमी भरलं, बैल सुटला, पावती हरवली, सगळी रडगाणी माझ्याकडे. मी वैतागायचो. पण आवार शांत झालं हे कबूल केलं पाहिजे. भोंगा वाजला की दोनशे माणसं कान द्यायची, कारण तो उगाच वाजत नव्हता.

त्यांची आणखी एक खोड होती. दर तासाला आणि दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं ते माइकला हात लावत नसत. बाहेरचं दार उघडून उंबऱ्यावर उभे राहायचे आणि नुसतं ऐकायचे. जहाजावर म्हणे तशी शिस्त असते. घड्याळात ती तीन मिनिटं हिरवी रंगवलेली असतात, तेवढ्या वेळात सगळ्यांनी तोंड बंद करून कान उघडे ठेवायचे, न जाणो कोणाची क्षीण हाक येत असेल. आवारातले हमाल त्यांची नक्कल करायचे. एक जण कानाला हात लावून उभा राहायचा, दुसरा विचारायचा, "काय ऐकू येऊन राह्यलं, सोळा नंबर? मुंबई का कराची?" तायडे हात वर करून त्यांना गप्प राहायला सांगायचे आणि ऐकत राहायचे. मीही हसणाऱ्यांत होतो.

मग एका दुपारी त्या तीन मिनिटांत त्यांना काहीतरी ऐकू आलं. तीन नंबरच्या शेडमागे एक बाई कोणाला तरी हाका मारत होती आणि तिचा आवाज चढत चालला होता, "माही पोरगी कापसात गेली वं!" तायडे धावत आत आले. "तीन नंबर शेड. तीन नंबर शेड. तीन नंबर शेड. कापसात पोरगी दबली. सारे या." गाडीवानाची चार वर्षांची पोर खेळता खेळता कापसाच्या ढिगात खचली होती. मिनिटाभरात शे-सव्वाशे माणसं तिथे पोचली आणि हातांनी ढीग उपसला. पोर निळी पडली होती, पण जिवंत निघाली. तिच्या आईनं तायड्यांचे पाय धरले. ते मागे सरले आणि म्हणाले, "माह्ये नोको धरू बाई. हे सारे आयकून धावले, यायचे पाय धर."

त्यानंतर नक्कल बंद झाली. पण कँटीनमध्ये त्यांचा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा, तो तिथेच राहिला. तायड्यांच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली होती. जहाजावर ते वीस जातीच्या, चार धर्मांच्या माणसांबरोबर एका टेबलावर जेवले होते. आमच्या आवारात मात्र चहा पिऊन स्वतःचा कप स्वतः विसळायचे. मी रोज पाहत होतो. एक दिवसही तो कप काढून इतर कपांत ठेवला नाही. असो.

भोंगा ऐकला जातो, हे गावाच्या लक्षात आलं आणि तिथूनच घोळ सुरू झाला. जी गोष्ट सगळे ऐकतात तिच्यावर सगळ्यांना बोलायचं असतं. कापडवाले मोतीलालशेठ सगळ्यांत आधी आले. गोड माणूस, शिरपूरच्या मंदिराला निघाले की आमच्यासाठी प्रसाद न चुकता आणणारे. त्यांना दुकानातल्या नव्या लुगड्यांचं सांगायचं होतं.

"शेठजी, नाई जमत," तायडे म्हणाले.

"अरे, दोन मिनिटाचं तर काम आहे."

"त्या दोन मिनिटात कोणी बुडलं तं?"

"इथं कुठं समुद्र आहे बावा? अडाण नदीत तर गुडघाभर पाणी नाही!"

"आज नाई बुडत कोणी. पण लोकायची सवय मोडते, शेठजी. एकदा लुगड्याचं आयकलं का मंग माणूस अर्ध्या कानानं आयकते."

शेठ हसत परतले. मग भाऊसाहेबांचा पुतण्या कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा कागद घेऊन आला. तायड्यांनी तोही वाचला नाही. पुतण्या चिडला. "याले माइक काय भेटला, हा सोताले साहेबच समजून राह्यला," असं तो माझ्या टेबलाशी मोठ्यानं बोलला, खिडकीतून पलीकडे ऐकू जावं म्हणूनच. मी कागदात मान घातली. खुद्द तायड्यांच्या वस्तीतली पोरं वर्गणीचं आवाहन घेऊन आली, तर त्यांनाही तेच उत्तर. पोरं म्हणाली, "काका, तुमी आपले असून?" ते म्हणाले, "आपला हाओ म्हणूनच. उद्या तुमचं सांगन, मंग परवा त्यायचं काहून नाई सांगत?"

इतकं कळणारा माणूस. आणि तरी चुकला.

जूनचा महिना होता. बियाण्याच्या वाटपासाठी आवारात गर्दी. दुपारी शाळेचा शिपाई सायकलवर आला आणि खिडकीतून ओरडला, "तायडे, तुही वंदना मॅट्रिक पास! पहिला वर्ग!" त्यांच्या वस्तीतून मॅट्रिकला बसलेली ती पहिली मुलगी. तायडे उठले, पुन्हा बसले. मी पाहत होतो. त्यांनी माइकचं बटण दाबलं, आणि त्यांचा तो सरळ, सपाट आवाज मी पहिल्यांदा कापताना ऐकला.

"वंदना किसन तायडे. वंदना किसन तायडे. वंदना किसन तायडे. मॅट्रिक. पहिला वर्ग."

बाहेर बियाण्याच्या रांगेतली माणसं खांबावरच्या भोंग्याकडे पाहत उभी राहिली. काही हसली. एका म्हातारीनं टाळी वाजवली. ती चंद्रभागाबाई, तायड्यांच्याच वस्तीतली. हंगामात आवारात सांडलेला कापूस वेचायची. तायडे खिडकीशी आले. डोळे भरलेले होते. "चूक झाली बाबू," म्हणाले.

मी म्हटलं, "जाऊ दे रे. पोरीचं कौतुक केलं, त्यात काय?"

"नाई. चूक झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुतण्या हजर. "तुह्या पोरीचं तीनदा सांगतलं, आमच्या साहेबाचं एकदाबी नाई?" मागोमाग शेठजींचा दिवाणजी लुगड्यांचा कागद घेऊन. महिनाभर ते सगळ्यांना नाही म्हणत राहिले, पण आता त्यांच्या नाहीमध्ये जोर नव्हता आणि समोरच्याला ते कळत होतं. शेवटी भाऊसाहेबांनीच निकाल लावला. स्वतःच्या कचेरीत दुसरा माइक बसवून घेतला, त्याचं बटण वरचढ. तिकडून कोणी बोलायला लागलं की तायड्यांचा माइक आपोआप मुका.

दिवाळीपर्यंत भोंग्यावर साबण आला, तंबाखू आली, दंतमंजन आलं, बारशी आणि सत्कार आले, मधल्या वेळात सिनेमाची गाणी. गाड्यांचे नंबर त्यातच कुठेतरी. गाडीवानांना नंबर ऐकू येईना तेव्हा त्यांनी पोरं काट्याजवळ उभी करून ठेवली. तायडे तरीही दर अर्ध्या तासाला उंबऱ्यावर जाऊन उभे राहत. वर भोंगा बोंबलत असायचा आणि हा माणूस खाली कान देऊन उभा. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. वाटायचं, कशाला स्वतःचं हसं करून घेतो?

माघात एका दुपारी चार नंबरच्या शेडमागून धूर निघाला. विडीचं थोटूक पडलं असेल, किंवा आणखी काही. कारण कधी कळलंच नाही. तायड्यांनी दारातून धूर पाहिला, आत झेप घेतली. त्या वेळी गाणं चालू होतं, ते संपेपर्यंत त्यांचा माइक मुका. ते भिंतीवर मुठी आपटत होते. गाणं संपलं. त्यांनी बटण दाबलं. "चार नंबर शेड. चार नंबर शेड. चार नंबर शेड. आग. सारे बाहेर निंगा, पाणी आणा."

आणि मग ते थांबले. वीस वर्षं अंगात मुरलेली शिस्त. समुद्रात संकटाची हाक दिली की बटण सोडायचं आणि जवाब ऐकायचा. आपण बोलत राहिलो तर जवाब ऐकू येणार नाही. त्यांनी बटण सोडलं आणि माइकवर ओणवे होऊन ते ऐकू लागले. मी खिडकीतून पाहत होतो. बाहेर पाहिलं तर आवार जसंच्या तसं. कोणी चिलीम ओढत होतं, कोणी बैलाला कडबा टाकत होतं. तेवढ्यात कचेरीतल्या माइकवरून पुतण्याचा आवाज आला. कोणाच्या तरी निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन.

तायडे मग पळत सुटले, खांबाखांबाशी ओरडत. मीही पळालो. माणसं उठली, बादल्या आल्या, पण कापूस वाट पाहत नाही. गाड्या आणि बैल बहुतेक निघाले. चंद्रभागाबाई निघाली नाही. वेचलेल्या कापसाच्या गाठोड्यावर डोकं टेकून ती शेडमागे झोपेत कलंडली होती. तिच्यापासून वीस हातांवर एक गाडीवान जागा होता. संध्याकाळी तो माझ्यासमोर रडत म्हणाला, "मले आयकू आलं होतं, बाबू. पण तो भोंगा दिवसभर वरडते. मले वाटलं, साबनाचंच काही सांगून राह्यला."

चौकशी झाली. बाहेरून एक अधिकारी आले. तायड्यांना जहाजावरची एक सवय होती: दिलेली प्रत्येक हाक वेळेसकट एका वहीत टिपून ठेवायची. ती वही भाऊसाहेबांनी आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे ठेवली, अगदी प्रेमानं. तीन वाजून वीस मिनिटं, चार नंबर शेड, आगीची सूचना, तीन वेळा. अधिकारी खूश झाले. सूचना वेळेवर दिली गेली होती. व्यवस्थेत दोष नव्हता. म्हातारी सावध राहिली नाही, त्याला कोण काय करणार?

जबाब मी लिहून घेत होतो. तायडे उभे होते, कोणी बसा म्हटलं नव्हतं.

"सूचना दिली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"देली. पण पोचली नाई, साहेब."

"तीन वेळा दिली ना?"

"देली. पोचली नाई. समुद्रात न पोचलेल्या हाकेले हाक म्हनत नाई. मी चवथ्यांदा वरडाले पाह्यजे होतं, ती माही चूक. ते लिहा. आन् ह्या भोंग्यावर दिवसभर गाणे वाजत होते, म्हणून कोनी आयकलं नाई. हेबी लिहा."

अधिकारी माझ्याकडे वळून म्हणाले, "'सूचना तीन वेळा देण्यात आली.' एवढं घ्या."

मी तेवढंच घेतलं. भाऊसाहेब समोर बसले होते, नोकरी कायम होऊन मला वर्षही झालं नव्हतं. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आता सांगताना माझी मलाच लाज वाटते. तायड्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या हाताकडे. लेखणी थांबली हे त्यांना दिसलं. खाली इंग्रजीत सही करायच्या आधी त्यांनी जबाब वाचला, आणि म्हणाले, "अर्धं राह्यलं." सही केली नाही. तिथे मग 'सही करण्यास असमर्थ' असा शेरा पडला आणि दोन साक्षीदारांचे अंगठे आले.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेबांनी आवारात तायड्यांचा सत्कार ठेवला. प्रसंगावधानाबद्दल शाल आणि नारळ. भोंग्यावरून सकाळपासून त्याची जाहिरात चालू होती. तायडे आले, त्यांनी शाल अंगावर पडू दिली, दोन शब्द बोला म्हटल्यावर माइकपुढे उभे राहिले. मग शाल काढली, नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि फाटकाबाहेर निघून गेले. लोकांना वाटलं, गडी भारावला. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

ते पुन्हा कामावर आले नाहीत. मला चार वर्षांनी बढती मिळाली आणि वाशीमला बदली झाली. तायडे अर्जांवर अर्ज करतात असं अधूनमधून कानावर यायचं. आपला जबाब पुरा लिहून घ्यावा, एवढंच त्यांचं मागणं. नोकरी नको, दुसरं काही नको. कचेरीतली माणसं त्यांना येताना पाहिलं की जेवायला उठायची.

शेवटचे दिसले ते वाशीमच्या एस.टी. स्टँडवर. मी कारंज्याच्या गाडीची वाट पाहत होतो. मागून हाक आली, "बाबू." वळलो. केस पांढरे झालेले, दाढी वाढलेली, पण पांढरा सदरा तसाच कडक. हातात कागदांची गुंडाळी.

"कसा आहेस तायडे?" मी म्हटलं. तेव्हाही 'आहेस'च.

"बरा हाओ. वंदना मास्तरीण झाली, मालेगावले." मग एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. अर्ज होता. 'माझ्या जबानीतील पुढील वाक्ये लिहून घेण्यात आली नाहीत', आणि खाली ती वाक्यं, जशीच्या तशी. "साहेब म्हनते, 'तू म्हनला होता याले पुरावा काय?' त्या दिवशी लिहाले तुमीच होते. तुमची एक सही पाह्यजे. 'हे बोलले होते', एवढंच. कोनाचं नाव नाई घेतलं मी याच्यात."

मी अर्ज वाचला. शब्दन्‌शब्द खरा होता. समोर कारंज्याची गाडी फलाटाला लागत होती. मी खिसा चाचपल्यासारखं केलं आणि म्हणालो, "माझ्याजवळ पेन नाही रे."

तायड्यांनी माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. तिथे दोन पेनं होती, एक निळं, एक लाल.

त्यांनी कागदाची घडी केली. "असू द्या," म्हणाले. "गाडी लागली तुमची." मग वाकून माझी पिशवी उचलली, गर्दीतून वाट काढत खिडकीतून आतल्या सीटवर ठेवली आणि माझी जागा धरली.